दुसरी किल्ली कुठे आहे?

राजेंद्रनगरच्या एका वहिनींचा प्रश्न आला आहे. त्यांच्या जावयाची गाडी सुदामानगरात घरासमोरून रात्रीतून गेली. अडीच महिने झाले, विमा कंपनी दोन्ही किल्ल्या मागते आहे आणि जावईबापूंकडे एकच आहे. तेव्हापासून वहिनींना स्वतःच्या गाड्यांची धास्ती बसली आहे. एक चार वर्षांची, बटणावर सुरू होणारी. दुसरी यजमानांची, तेरा वर्षं जुनी. दोन्ही रस्त्यावरच उभ्या असतात, कारण पोर्चमध्ये भाडेकरूंच्या दुचाक्या. काय बसवून घ्यावं, आणि गाडी गेलीच तर आधी कुठे धावायचं, असं त्या विचारतात.

वहिनी, मी इंदुरात सव्वीस वर्षं विमा कंपन्यांसाठी वाहनचोरीच्या दाव्यांची चौकशी करतो आहे. म्हणजे गाडी गेल्यावर तुमच्या दारात येऊन नको ते प्रश्न विचारणारा माणूस तो मीच. त्यामुळे कुलपांबद्दल सांगेनच, पण आधी किल्लीबद्दल. माझ्यासमोर अडकलेले बहुतेक दावे चोराच्या हुशारीने अडकले नव्हते, दुसऱ्या किल्लीपाशी नाहीतर ठाण्यात बोललेल्या पहिल्या चार वाक्यांपाशी अडकले होते.

नव्या गाडीबरोबर दोन किल्ल्या येतात. चोरी झाली की कंपनी दोन्ही मागते, ती छळायला नव्हे. एक किल्ली कमी असेल तर पहिली शंका अशी की ती चोराकडे गेली कशी: गाडीतच राहिली होती, कोणाला दिली होती, की गाडी विकूनच टाकली? तर ही दुसरी किल्ली जाते कुठे? ड्रायव्हरच्या खिशात, गॅरेजच्या खिळ्यावर, पुण्याला शिकणाऱ्या मुलाच्या बॅगेत, आणि सगळ्यात जास्त म्हणजे जुनी गाडी घेताना विकणाऱ्याच्या ‘शोधून देतो हो’मध्ये. तुमच्या जावयाचं हेच झालं असणार.

त्यांनी आता करायचं ते असं. गाडी विकणाऱ्याकडून, एकच किल्ली दिली होती असं लेखी घ्यावं. खरेदीच्या वेळच्या पावतीत किंवा डिलिव्हरी नोटमध्ये किल्ल्यांचा उल्लेख असेल तर तो कागद शोधावा. सर्व्हिस सेंटरला कधी किल्लीचं काम केलं असेल तर त्याचं बिल काढावं. आणि हे सगळं खऱ्याखुऱ्या शपथपत्रासोबत द्यावं. एक किल्ली नाही म्हणून दावा आपोआप मरत नाही. ती नसण्याचं कारण कागदावर नसलं तर मात्र फार दिवस तळमळावं लागतं. एक गोष्ट चुकूनही करू नका म्हणावं. बाजारातून नवी किल्ली पाडून ‘ही घ्या दुसरी’ म्हणून देऊ नका. वापरलेल्या किल्लीवर ओरखडे असतात, पात्याच्या खाचा घासलेल्या असतात, चिपची नोंद गाडी बनवणाऱ्या कंपनीकडे असते. कोरी किल्ली हातात आली की आमच्यातला नवशिकाही ओळखतो. मग खरी चोरी झालेला माणूससुद्धा लबाड ठरतो. असे दोन सज्जन मी पाहिले आहेत, दोघेही नुसते घाबरून हे करून बसले होते.

तुमच्या घरातली किल्ली हरवली असेल तर मध्य प्रदेश पोलिसांच्या पोर्टलवर हरवलेल्या वस्तूची नोंद करून पावती काढा. मग उरलेली किल्ली घेऊन सर्व्हिस सेंटरला जा आणि हरवलेली किल्ली गाडीच्या मेमरीतून पुसून टाकायला सांगा. हे होतं, थोडे पैसे लागतात, त्याचं बिल विम्याच्या फाइलला लावून ठेवा. जुनी गाडी विकत घेतल्यावर तर हे पहिल्या आठवड्यातच करावं.

जुन्या गाडीचीच आणखी एक गोष्ट, कारण इथे माणसं पुरती बुडतात. आरसी नावावर झाली पण पॉलिसी अजून आधीच्या मालकाच्या नावावर, असं असेल तर चोरीचे पैसे कोणालाच मिळत नाहीत. ज्याच्या नावावर पॉलिसी त्याची गाडी नाही, आणि ज्याची गाडी त्याची पॉलिसी नाही. थर्ड पार्टीचं संरक्षण कायद्याने गाडीबरोबर आपोआप जातं, चोरीचं जात नाही. ते नावावर करून घ्यायला १४ दिवस असतात. जावईबापूंचे हे कागदही आजच बघा.

आता ठाण्यातली चार वाक्यं. लोकमान्यनगरातले एक निवृत्त प्राध्यापक सकाळी फिरायला निघाले तर गाडी जागेवर नाही. ठाण्यात मुन्शीने, म्हणजे तक्रार लिहून घेणाऱ्या पोलिसाने, विचारलं, “चाबी कहाँ थी?” त्यांच्या हाताला किल्ली लागली नव्हती, ते गोंधळलेले, म्हणाले, “शायद गाड़ी में ही रह गई होगी.” ते तसंच एफआयआरमध्ये उतरलं. दुपारी किल्ली देवघराच्या कोनाड्यात सापडली. पण कागदावर ‘किल्ली गाडीत’ लागलं ते लागलंच. पॉलिसीत अट असते की मालकाने गाडीची वाजवी काळजी घ्यावी, आणि किल्ली गाडीत सोडणं म्हणजे निष्काळजीपणा, असं कंपनीने धरलं. पुरवणी जबाब, घरच्यांचे जबाब, दोन्ही किल्ल्यांचा तपासणी अहवाल असं सगळं करून ते प्रकरण सुटायला चौदा महिने लागले. मी तेव्हा कंपनीच्या बाजूने लिहिणारा होतो, तरी मला त्यांची दया आली होती.

म्हणून सांगतो, ठाण्यात अंदाज बोलू नका. जे माहीत आहे तेच सांगा. ‘रात्री साडेदहाला गाडी लावली, कुलूप केलं, सकाळी सहाला दिसली नाही, किल्ल्या घरी आहेत.’ किल्ली सापडत नसेल तर ‘आत्ता हाताशी नाही, शोधून सांगतो’ म्हणा. आणि किल्ली खरोखरच गाडीत राहिली असेल तर तसं स्पष्ट सांगा. खोटं बोलू नका, ते पुढे सीसीटीव्हीत दिसतं. अशा प्रकरणांतही पूर्ण नकाराऐवजी ७५ टक्के रक्कम देण्याचे आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिलेले आहेत. खोटेपणावर मात्र कोणीच पैसे देत नाही. आपल्याकडे सकाळी पोहे बांधून घ्यायला उतरताना इंजिन सुरूच ठेवायची जी रीत आहे, तिच्याबद्दल वेगळं काय सांगू? दोन प्लेटवर सेव टाकून होईपर्यंत गाडी पुढचं चौराहं ओलांडते.

आता तुमचा खरा प्रश्न, काय बसवावं.

तुमची बटणाची गाडी दोन प्रकारे जाऊ शकते. पहिला प्रकार असा की एक माणूस तुमच्या दाराशी यंत्र घेऊन उभा राहतो, दुसरा गाडीशी. किल्ली आत टेबलावर असली तरी तिचा संदेश यंत्र वाढवून गाडीपर्यंत पोचवतं, आणि किल्ली जवळच आहे असं गाडीला वाटतं. उपाय साधा: किल्ली दारापासून लांब, घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात किंवा त्यासाठीच मिळणाऱ्या पाकिटात ठेवा. डबा चालतो की नाही हे स्वतः तपासा. किल्ली त्यात बंद करून गाडीला खेटून उभ्या राहा आणि दार उघडतं का बघा. उघडलं तर डबा बदला. दुसरा प्रकार आपल्याकडे जास्त चालतो. काच फोडून किंवा दार उघडून आत शिरायचं, स्टिअरिंगच्या खाली जे ओबीडीचं सॉकेट असतं, जिथे मेकॅनिक स्कॅनर लावतो, तिथे यंत्र जोडायचं आणि कोरी किल्ली गाडीला ओळखायला लावायची. काही मिनिटांचं काम. इथे तुमचा स्टीलचा डबा काही करू शकत नाही. इथे लागतं ते ओबीडीचं कुलूप आणि एक चोरस्विच, म्हणजे गाडीतल्या इंधनपंपाचा किंवा स्टार्टरचा वीजपुरवठा तोडणारं छुपं बटण. ते ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडूनच बसवा, आणि जागा घरातल्या दोघांशिवाय कोणाला सांगू नका. वॉरंटी असेल तर सर्व्हिस सेंटरला आधी विचारा, वायर कापल्यामुळे ती जाऊ शकते.

यजमानांच्या जुन्या गाडीला या सगळ्याची गरज नाही. तिला गिअर लॉक लावा. जाड, दिसणारं, बेढब स्टिअरिंग लॉकही चालेल. तेरा वर्षं जुन्या गाडीसाठी चोर करवत चालवत बसत नाही, शेजारची घेऊन जातो. हे शेजाऱ्यांना सांगू नका.

जीपीएस ट्रॅकर बसवायचा तर डॅशबोर्डखाली नको, चोर पहिला हात तिथेच घालतो. स्वतःची बॅटरी असलेला, सीटच्या आत किंवा मागच्या ट्रिमखाली. त्याच्या सिमचं आणि वर्गणीचं नूतनीकरण होतं का ते बघा. मी पाहिलेल्या निम्म्याअधिक ट्रॅकरांची वर्गणी गाडी जाण्याआधीच संपलेली होती. एआरएआयने, म्हणजे वाहनांची तपासणी करणाऱ्या पुण्याच्या संस्थेने, मान्य केलेलं चोरीविरोधी यंत्र असेल तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या प्रीमियमवर २.५ टक्के सूट आहे, पण जास्तीत जास्त ५०० रुपये. त्या सुटीसाठी नव्हे, गाडीसाठी बसवा.

बाकी छोट्या गोष्टी. दिव्याखाली आणि समोरच्या घराच्या कॅमेऱ्याच्या टप्प्यात गाडी लावा. पुढची चाकं वळवून ठेवा, ओढून न्यायला त्रास होतो. मूळ आरसी गाडीत ठेवू नका. डिजीलॉकर किंवा एमपरिवहनमधली प्रत २०१८ पासून नियमानेच चालते. मॅरेज गार्डनमध्ये व्हॅलेला गाडी देताना घराच्या किल्ल्यांचा जुडगा काढून घ्या. चेसिस नंबर कुठे कोरला आहे ते एकदा बघून फोटो काढून ठेवा. हा सतरा अक्षरांचा नंबर पुढे कामी येतो, कसा ते सांगतो.

आता गाडी गेली असं धरा.

पहिल्या दहा मिनिटांत दोन फोन करा. गाडी वाहतूक पोलिसांच्या क्रेनने उचलली का, आणि हप्ते थकले असतील तर बँकेच्या वसुलीवाल्यांनी नेली का. लाजू नका, अशा ‘चोऱ्या’ दर वर्षी माझ्याकडे येतात. ते नसेल तर ११२ लावा. नंबर, रंग, ओळखीची खूण आणि शेवटचं कधी पाहिलं एवढं सांगा. मग मोबाइल उघडून फास्टॅगचे संदेश बघा. लोक पहिली गोष्ट करतात ती फास्टॅग बंद करण्याची, दोन-तीनशे रुपये वाचवायला. थांबा. चोराने टॅग फाडला नसेल तर मांगलियाच्या टोलवर कापले गेलेले पैसे सांगतात की गाडी देवासकडे गेली. सोनवायचे सांगतात की एबी रोडने, म्हणजे आग्रा-मुंबई रस्त्याने, सेंधव्याकडे. मेठवाड्याचे सांगतात की धार-झाबुआमार्गे गुजरातकडे. सेंधवा असो की झाबुआ, अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे तीन तासांत गाडी राज्याच्या काठावर. ती वेळ आणि टोलचं नाव ११२वर आणि ठाण्यात कळवा, टॅग मागाहून बंद करा. गाडी नवी, ॲपशी जोडलेली असेल तर कंपनीच्या हेल्पलाइनला सांगा. काही गाड्या दुरून थांबवता येतात. मात्र ठिकाण दिसलं म्हणून मुलाला स्कूटरवर पाठवू नका.

मात्र सगळ्या गाड्या लगेच शहराबाहेर जात नाहीत. कोणी ट्रॅकर लावला आहे का हे बघायला चोर गाडी एक-दोन दिवस शहरातच गर्दीच्या ठिकाणी लावून ठेवतात, ‘थंड’ करतात. मोठ्या रुग्णालयाचं पार्किंग, स्टेशनचं, बस अड्ड्याचं. तिथे कोणी कोणाला विचारत नाही. दोन-चार नातेवाइकांनी पहिल्या दोन दिवसांत अशा जागांतून चक्कर मारावी. दिसली तर हात लावू नका, लांबून पोलिसांना बोलवा. मी स्वतः असा एक दावा बंद केला आहे जिथे गाडी घरापासून तीन किलोमीटरवर धूळ खात उभी होती. आणि गल्लीतल्या दुकानांचे, घरांचे कॅमेरे त्याच दिवशी बघून क्लिप मोबाइलमध्ये घ्या. डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्याचं चित्रण साठवणारा डबा, जुन्यावरच नवं लिहीत राहतो. पोलीस येईपर्यंत काही ठिकाणी ती रात्र पुसलेली असते.

ठाण्यात गेल्यावर आपल्याकडची एक खास गोष्ट लक्षात ठेवा. “आवेदन दे दो, हम देखते हैं” असं म्हणून तुमचा अर्ज घेतात, शिक्का मारून देतात आणि माणूस खूश होऊन घरी येतो. आवेदनाची पावती म्हणजे एफआयआर नव्हे. विमा कंपनी तिला विचारत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३(२) खाली, म्हणजे जुन्या दंड संहितेतल्या ३७९च्या जागी, गुन्हा क्रमांकासह एफआयआर हवी, आणि तिची प्रत फुकट मिळणं हा तुमचा हक्क आहे. ‘गुम’ शब्द लिहू देऊ नका. गाडी पाकीट नाही, ती गुम होत नाही, चोरी होते. घटना दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीतली असली तरी शून्यावर गुन्हा नोंदवून त्यांनी तो पाठवायचा असतो. टीआय साहेबांनी, म्हणजे ठाण्याच्या प्रमुखांनी, टाळलंच तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांना लेखी पाठवता येतं, तिथेही नाही झालं तर मॅजिस्ट्रेटकडे. बहुतेक वेळा हे कलम तोंडाने म्हटलं तरी पेन चालू लागतं.

आपल्या राज्यात २०२१ पासून ई-एफआयआरचीही सोय आहे. गाडीची किंमत १५ लाखांपर्यंत, आरोपी अनोळखी, आणि कोणाला मारहाण किंवा दुखापत झालेली नाही, एवढं जमत असेल तर घरून नोंद करता येते. मात्र इलेक्ट्रॉनिक पद्धतीने दिलेल्या माहितीवर तीन दिवसांत सही करावी लागते. ती विसरू नका.

विमा कंपनीला त्याच दिवशी फोन आणि ईमेल दोन्ही करा. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितलं आहे की पोलिसांत तक्रार लगेच दिली असेल तर केवळ कंपनीला कळवायला उशीर झाला म्हणून चोरीचा दावा नाकारता येत नाही. पण या निकालाच्या भरवशावर झोपू नका; भांडून मिळणाऱ्या पैशापेक्षा न भांडता मिळणारा बरा. आरटीओला चोरीचं लेखी कळवून पोच घ्या, म्हणजे त्या नंबरवर नाव-बदल होणार नाही. कर्ज असेल तर बँकेला कळवा आणि हप्ते चालू ठेवा. गाडी गेली तरी कर्ज जात नाही, आणि विम्याचे पैसे आधी बँकेकडेच जातात.

मग सुरू होतो वाट पाहण्याचा काळ. गाडी सापडली नाही की पोलीस कोर्टात खात्मा पाठवतात. बाहेरगावच्या नातेवाइकांना हा शब्द भयंकर वाटतो, पण इथे तो फक्त ‘तपास केला, पत्ता लागला नाही’ एवढाच. खारिजी मात्र वेगळी, म्हणजे तक्रारच खोटी ठरली. कंपनीला खात्मा कोर्टाने मंजूर केल्याचा कागद हवा असतो, आणि त्यासाठी विवेचना करणाऱ्या हवालदाराची महिन्या-दोन महिन्यांनी चौकशी तुम्हालाच करावी लागते. त्यासोबत दोन्ही किल्ल्या, आरसी, पॉलिसी, फॉर्म २८, २९ आणि ३०, कर्ज असेल तर ३५, आणि गाडीचे हक्क कंपनीला देणारं पत्र. कोरे फॉर्म सही करून देताना ‘फक्त विमा कंपनीसाठी’ असं आडवं लिहून ठेवा.

पैसे मिळतात ते पॉलिसीवर लिहिलेल्या आयडीव्हीएवढे, म्हणजे विम्यासाठी धरलेल्या गाडीच्या किमतीएवढे, १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १००० रुपये आणि मोठीला २००० वजा होऊन. आठशे रुपये प्रीमियम वाचवायला एजंटकडून आयडीव्ही खाली आणून घेणारे लोक या दिवशी फार हळहळतात. कंपनीने नकार दिलाच तर आधी तिच्याच तक्रार कक्षाकडे लेखी जा, मग भोपाळच्या विमा लोकपालाकडे: नकारापासून एक वर्षाच्या आत, ५० लाखांपर्यंतचे दावे, वकील लागत नाही, फी नाही. ग्राहक आयोगाला दोन वर्षांची मुदत आहे.

गाडी सापडली तर ती ठाण्याच्या आवारात सडू देऊ नका. कोर्टात सुपुर्दगीचा, म्हणजे गाडी आपल्या ताब्यात मिळण्याचा, अर्ज करा. आधी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४५१ आणि ४५७ होतं, आता नागरिक सुरक्षा संहितेचं ४९७ आणि ५०३. २००२ सालीच सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की जप्त वाहनं ठाण्यात उगाच पडून राहू नयेत. चेसिस नंबर घासलेला असला तरी प्रयोगशाळेत रसायन लावून तो बरेचदा वर आणता येतो, कारण ठोकलेल्या अक्षराखाली धातू खोलपर्यंत दबलेला असतो. पैसे घेतल्यानंतर गाडी सापडली तर मात्र ती कंपनीची, हे लक्षात असू द्या.

घासलेल्या गाडीवर चढवायला चोर नंबर आणतो कुठून? बरेचदा अपघातात पार चुरडलेल्या गाडीचा. भंगार म्हणून ती कागदांसकट विकत घ्यायची, आणि तिचं नाव-गाव चोरीच्या गाडीला द्यायचं. म्हणून तुमची गाडी कधी पूर्ण नुकसानीत गेली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे आरटीओला कळवून नोंदणी रद्द करून घ्या, मुदत १४ दिवसांची. आणि जुनी गाडी घेताना काढलेल्या फोटोतला चेसिस नंबर एनसीआरबीच्या, म्हणजे देशभरच्या गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या, पोर्टलवर टाकून बघा; चोरीत नोंदलेली असेल तर तिथे दिसते.

यजमानांच्या गाडीबद्दल तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलंय की तिला फक्त थर्ड पार्टी विमा आहे. मग ती गेली तर एक रुपयाही मिळणार नाही. तरी एफआयआर त्याच सकाळी करा, कारण त्या गाडीने उद्या कोणाला उडवलं तर नोटीस आरसीवरच्या नावाला येते, आणि ‘त्या दिवशी गाडी माझ्याकडे नव्हती’ हे यजमानांना दाखवता येईल असा तेवढा एकच कागद असतो. गिअर लॉक मात्र या रविवारी बसवून घ्या.